मेसोथेलिओमाचा संशय असेल तर: बायोप्सीपासून आयएचसी रिपोर्टपर्यंत घरच्यांनी काय काय करावं

छातीत पाणी झालंय म्हणून दाखल केलेल्या माणसाचा बायोप्सी रिपोर्ट येतो आणि त्याच्या शेवटी लिहिलेलं असतं, ‘मेसोथेलिओमाचा संशय, आयएचसी करून घ्यावी’. मेसोथेलिओमा हा बहुधा फुफ्फुसावरच्या आवरणाचा कॅन्सर, आणि आयएचसी म्हणजे तुकड्यातल्या पेशींत ठरावीक प्रथिनं आहेत का हे रंगाने दाखवणारी तपासणी. तिथून घरच्यांची जी धावपळ सुरू होते ती बऱ्याचदा भलत्याच दिशेने जाते. कुणी रक्ताच्या तपासण्या करत सुटतं, कुणी रिपोर्टमधले ‘पॉझिटिव्ह’ मोजत बसतं, आणि बायोप्सीच्या ज्या तुकड्यावर सगळं अवलंबून आहे तो दोन-तीन लॅबमध्ये फिरता फिरता संपून जातो.

बाबांच्या आजारात आम्ही या सगळ्यातून गेलो. मी डॉक्टर नाही. पण त्या काळात एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला मायक्रोस्कोपशी बसवून स्लाइड दाखवल्या, न कंटाळता प्रश्नांची उत्तरं दिली, आणि मग मी मिळेल ते वाचत गेले. हा लेख निदानाच्या वाटेपुरता आहे. उपचार तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टशी बोलूनच ठरतील.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. कुठलाही एक मार्कर (पेशीचं कूळ ओळखायला तपासतात ते ठरावीक प्रथिन) हा रोग सिद्ध करत नाही. साध्या रंगाच्या स्लाइडवर पेशी कशा दिसतात, मार्करचा पूर्ण संच काय सांगतो, सीटी स्कॅनमध्ये रोग कुठे पसरलाय आणि माणसाने आयुष्यभर कुठे काम केलं, या चारही गोष्टी एकत्र बघूनच निदान पक्कं होतं. यातल्या पहिल्या तीन डॉक्टरांच्या हातात आहेत. चौथी पूर्णपणे तुमच्या हातात आहे. आणि तुकडा वाया जाऊ न देणं, हेही बऱ्याच अंशी तुमच्याच हातात आहे.

१. आधी कामाचा इतिहास कागदावर उतरवा

मेसोथेलिओमा हा फुफ्फुसावरच्या, पोटातल्या किंवा हृदयाभोवतीच्या पातळ आवरणाचा कॅन्सर. सर्वांत जास्त आढळतो तो फुफ्फुसावरच्या आवरणाचा, म्हणजे प्लुराचा. त्याचं मुख्य कारण एस्बेस्टॉसचे तंतू, आणि तंतू शरीरात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत २० ते ४० वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. म्हणूनच हे सांगायचं राहून जातं. ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘काय काम करता?’ आणि माणूस सांगतो, ‘रिटायर आहे’ किंवा ‘शेती करतो’. १९८० च्या सुमारास पाच वर्षं पत्र्याच्या कारखान्यात काढलेली असतात, ती त्याच्या स्वतःच्याही लक्षात नसतात.

घरी बसून, सालवार लिहा. एस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे किंवा पाइप बनवणं आणि कापणं, ब्रेक लायनिंग, बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचं लॅगिंग (उष्णता रोखणारं वेष्टण), औष्णिक वीज केंद्रं, कापड गिरण्यांची बॉयलर खाती, रेल्वेचे लोको शेड आणि कारखाने, गोदी, जहाजबांधणी, मुंबईतला दारूखाना किंवा गुजरातमधलं अलंग अशा ठिकाणी जहाजं तोडणं, जुन्या इमारती पाडणं. कंत्राटी काम केलं असेल तर तेही लिहा, कारण त्याची नोंद दुसरीकडे कुठे सापडण्याची शक्यता कमी असते.

पेशंट बाई असेल आणि आयुष्यभर घरीच असेल, तरी हा प्रश्न सोडू नका. नवऱ्याचे, वडिलांचे किंवा दिराचे कामावरचे कपडे कोण झटकत आणि धूत होतं, ते विचारा. घर कुठे होतं हेही लिहा. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. एस्बेस्टॉसशी या रोगाचं नातं तिथून जगासमोर आलं. त्या रुग्णांत खाणीत कधीच न उतरलेले, फक्त लहानपणी खाणीच्या परिसरात राहिलेले लोकही होते.

उलट बाजूही सांगते. असा इतिहास सापडला नाही म्हणून रोग नाही असं होत नाही, आणि इतिहास सापडला म्हणून तो आहेच असंही नाही. एस्बेस्टॉसमुळे फुफ्फुसाचा नेहमीचा कॅन्सरही होतो. स्लाइडचा निकाल इतिहास ठरवत नाही. पण नेमकं काय शोधायचं, हे पॅथॉलॉजिस्टला त्यावरून कळतं. म्हणून हा कागद बायोप्सीच्या फॉर्मला जोडून लॅबमध्ये गेला पाहिजे. नुसतं छातीच्या डॉक्टरांना तोंडी सांगून भागत नाही.

२. पाण्याच्या तपासणीवर थांबू नका

आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की पहिला विचार टीबीचा येतो, आणि तो योग्यच आहे, कारण टीबी खरोखरच फार जास्त आहे. पण पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आहेत आणि एडीए (टीबीच्या संशयात पाण्यात मोजतात ते एंझाइम) थोडा वाढलाय, एवढ्यावर टीबीची औषधं सुरू होतात. पाणी काढलं तरी पुन्हा भरतं, महिने जातात, वजन उतरत राहतं. लिम्फोसाइट जास्त असलेलं पाणी मेसोथेलिओमातही असू शकतं.

पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत, हा रिपोर्ट दिलासा देणारा वाटतो. मेसोथेलिओमाच्या बाबतीत त्या दिलाशावर विसंबू नका. पाण्यात सुटून आलेल्या पेशी मोजक्या असतात. शिवाय आवरणाच्या निरोगी पेशी सुजल्या की कॅन्सरसारख्या दिसतात, आणि मेसोथेलिओमाच्या पेशी कधी कधी अगदी साध्या दिसतात. पाण्यापासून सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशी गोळा करून मेणात बसवलेला ठोकळा) बनवून त्यावर मार्कर लावता येतात आणि त्याचा उपयोगही होतो. पण रोग आवरणातून खाली चरबीत किंवा स्नायूत शिरलाय का, हे पाण्यातून दिसत नाही. त्यासाठी आवरणाचा तुकडाच लागतो.

तेव्हा पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल, सीटीवर आवरण जाड आणि गाठीगाठींचं दिसत असेल, किंवा छातीची ती बाजू आक्रसलेली दिसत असेल, तर डॉक्टरांना थेट विचारा: ‘बायोप्सी करायची का?’ टीबीची औषधं चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

३. तुकडा कसा आणि किती घेणार, ते आधी विचारा

तीन वाटा असतात. सीटी किंवा सोनोग्राफीवर बघून सुईने घेतलेली बायोप्सी, दुर्बीण घालून केलेली थोरॅकोस्कोपी, आणि भूल देऊन, कॅमेऱ्यातून बघत केलेली व्हॅट्स ही छातीची शस्त्रक्रिया. सुईची बायोप्सी सोपी, पण तुकडे बारीक. थोरॅकोस्कोपीत डॉक्टर डोळ्यांनी बघून दोन-तीन जागांचे चांगले मोठे आणि खोल तुकडे घेऊ शकतात, पाणीही पूर्ण काढता येतं. पेशंटच्या तब्येतीला झेपत असेल तर मेसोथेलिओमाच्या संशयात हीच वाट बरी, असं माझं स्पष्ट मत झालंय. बारीक तुकड्यावर निदान होत नाही असं नाही. पण ‘तुकडा अपुरा आहे, पुन्हा बायोप्सी करावी’ हे वाक्य आजारी माणसासाठी फार महाग पडतं.

विचारायचे प्रश्न दोनच आहेत: तुकडे किती जागांहून घेणार, आणि आवरणाखालची चरबी त्यात येईल का? दुसरा प्रश्न ऐकून डॉक्टर क्षणभर बघतील, पण त्याचं महत्त्व त्यांना लगेच कळेल. रोग चरबीत शिरलेला दिसणं, हा कॅन्सर असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा मानतात.

४. डबीतलं द्रव बघा

ही पायरी छोटी आहे, पण इथे झालेलं नुकसान नंतर भरून येत नाही. बायोप्सीचा तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये लगेच जायला हवा, आणि फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. सलाइनमध्ये राहिलेला तुकडा खराब होत जातो. छोट्या गावात बायोप्सी होऊन तुकडा शहरात पाठवायचा असेल तेव्हा डबीत काय आहे हे नर्सला विचारा, डबीवर नाव, तारीख आणि जागा लिहिली आहे का ते बघा. टीबीच्या कल्चरसाठी घेतलेला तुकडा मात्र फॉर्मलिनमध्ये टाकत नाहीत, तो वेगळ्या डबीत जातो. दोन डब्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. पाण्याचा नमुना कशात पाठवायचा हे ज्या लॅबमध्ये जाणार तिलाच विचारा.

पुढे लॅबमध्ये त्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक होतो. ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. पहिला काप एच अँड ई या गुलाबी-जांभळ्या रंगाने रंगवून पॅथॉलॉजिस्ट बघतात. त्यावरूनच पुढचे मार्कर ठरतात. म्हणून आयएचसीचा रिपोर्ट साध्या बायोप्सी रिपोर्टनंतर काही दिवसांनी येतो. या उशिराने घाबरू नका.

५. मार्करचा संच एकदाच, विचार करून

आयएचसीमध्ये प्रत्येक कापावर एकेका प्रथिनाची अँटीबॉडी सोडतात. ते प्रथिन पेशीत असेल तर अँटीबॉडी तिथे चिकटते आणि पुढच्या रसायनांनी ती जागा तपकिरी होते. नसेल तर पेशी फक्त निळसर दिसते. एक मार्कर म्हणजे एक काप. ब्लॉकमधला तुकडा मिलिमीटरभरच असेल तर काप मोजकेच निघतात, आणि दर वेळी ब्लॉक मशीनवर चढवताना वरचा थोडा भाग छाटला जातो.

इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. पैसे वाचवायला म्हणून आधी दोन मार्कर करतात, त्यातून उलगडलं नाही की आणखी दोन, मग ब्लॉक दुसऱ्या लॅबमध्ये, तिथे पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जे मार्कर खरंच हवे होते त्यांच्यासाठी तुकडाच उरत नाही. तुकडा लहान असेल तर लॅबला विनंती करा की सगळे काप एकाच बैठकीत काढून ठेवावेत, न रंगवलेले काप जपावेत. आणि शक्य असेल तर आयएचसी अशाच ठिकाणी करा जिथे प्लुराच्या बायोप्सी नेहमी बघतात. दर मार्करमागे वेगळे पैसे पडतात आणि लॅबनुसार त्यात बराच फरक असतो. एकूण किती मार्कर लागतील याचा अंदाज आधी विचारून घ्या, म्हणजे मधेच हात आखडायची वेळ येत नाही. सरकारी योजनेतून किंवा कामगार विम्यातून उपचार घेत असाल तर ही तपासणी त्यात बसते का, तेही काउंटरवर आधी विचारा.

संच कसा असावा याबद्दल जगभरचे तज्ज्ञ बऱ्यापैकी एकमताचे आहेत. इंटरनॅशनल मेसोथेलिओमा इंटरेस्ट ग्रुपच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निदान दोन मार्कर मेसोथेलिओमाच्या बाजूचे आणि दोन दुसऱ्या कॅन्सरच्या बाजूचे हवेत. गरज पडली तर आणखी. तुमच्या रिपोर्टमध्ये फक्त एका बाजूचेच मार्कर असतील, तर दुसरी बाजू का केली नाही, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

६. रिपोर्ट वाचताना

पहिली गोष्ट: इथे ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे सुटका, असं नसतं. आयएचसी ही वर्गातल्या हजेरीसारखी आहे. कोण हजर आणि कोण गैरहजर, दोन्ही नोंदी मिळून अर्थ लागतो.

मेसोथेलिओमाच्या बाजूचे मुख्य चार:

– कॅलरेटिनिन. पेशीच्या केंद्रकात आणि केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवात, दोन्हीकडे रंग यायला हवा. केंद्रक कोरं असेल तर त्या पॉझिटिव्हचं वजन कमी.
– डब्ल्यूटी-१. यात केंद्रकातलाच रंग मोजतात.
– डी२-४०, म्हणजेच पोडोप्लॅनिन. रंग पेशीच्या कडेला दिसतो.
– सायटोकेराटिन ५/६. रंग पेशीच्या द्रवात.

फुफ्फुसाच्या किंवा इतर अवयवाच्या कॅन्सरच्या बाजूचे:

– टीटीएफ-१ (केंद्रकात) आणि नॅप्सिन-ए (द्रवात). फुफ्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक नेहमीचा प्रकार) हे बहुतेक वेळा पॉझिटिव्ह असतात, मेसोथेलिओमात नसतात.
– क्लॉडिन-४. अवयव कुठलाही असो, कार्सिनोमा (अवयवांच्या अस्तरातून किंवा ग्रंथींतून उठणारा कॅन्सर) आहे का, हे सांगणारा फार भरवशाचा मार्कर. मेसोथेलिओमात तो जवळजवळ नेहमी निगेटिव्ह.
– मॉक-३१, बेर-ईपी४, सीईए. यातले पहिले दोन मेसोथेलिओमातही इथे-तिथे थोडे उमटू शकतात, म्हणून चार-दोन पेशींच्या रंगावर घाबरायचं नसतं.
– पी४०, स्क्वॅमस (चपट्या पेशींच्या) कार्सिनोमाचा संशय असेल तर.
– स्त्रियांमध्ये अंडाशयासारख्या अवयवांच्या कॅन्सरसाठी पॅक्स-८ आणि ईआर, विशेषतः रोग पोटात असेल तेव्हा.

म्हणजे ठरावीक रिपोर्ट असा दिसेल: कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, डी२-४० पॉझिटिव्ह, टीटीएफ-१, क्लॉडिन-४ निगेटिव्ह. हे एपिथेलिऑइड (गोलसर किंवा चौकोनी पेशींच्या) मेसोथेलिओमाकडे बोट दाखवतं. याच्या बरोबर उलट चित्र असेल तर फुफ्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा आवरणावर पसरलाय असा अर्थ होतो, आणि मग सगळी उपचारपद्धतच बदलते. ईजीएफआर, एएलके वगैरे जनुकांच्या तपासण्या तिथून सुरू होतात.

आता फसण्याच्या जागा. त्या जरा सावकाश वाचा.

स्क्वॅमस कार्सिनोमात सायटोकेराटिन ५/६ पॉझिटिव्हच असतो, डी२-४० सुद्धा येऊ शकतो, कॅलरेटिनिनही कधी कधी. म्हणून या दोन रोगांतला फरक करताना डब्ल्यूटी-१, पी४० आणि क्लॉडिन-४ जास्त कामाचे.

स्त्रीच्या पोटातला रोग ही दुसरी अवघड जागा. अंडाशयाच्या सिरस कार्सिनोमात डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह असतो, कॅलरेटिनिनही असू शकतो. नुसत्या डब्ल्यूटी-१ वर विसंबलं तर बाईला चुकीचं नाव चिकटतं. पॅक्स-८, ईआर, क्लॉडिन-४ यांची जोड हवीच.

आधी स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर तो आवर्जून सांगा, जुना रिपोर्ट आणि शक्य असेल तर जुना ब्लॉकही द्या. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह येतो. आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी वापरतात तो गाटा-३ मेसोथेलिओमातही येऊ शकतो.

सार्कोमॅटॉइड प्रकारात पेशी लांबट, धाग्यांसारख्या होतात आणि नेहमीचे मार्कर हरवतात. कॅलरेटिनिन फिकट किंवा नाहीच, डब्ल्यूटी-१ नाही. अशा रिपोर्टवर ‘मार्कर निगेटिव्ह म्हणजे मेसोथेलिओमा नाही’ असा अर्थ घरचे काढतात, तो बरोबर नाही. इथे पॅन-सायटोकेराटिन (सायटोकेराटिनचे बरेच प्रकार एकत्र शोधणारी अँटीबॉडी) महत्त्वाचं ठरतं आणि सीटीवरचं चित्र आणखी जास्त महत्त्वाचं. गाटा-३ सर्वत्र आणि गडद पॉझिटिव्ह असेल तर इथे तो मेसोथेलिओमाच्या बाजूने पुरावा होतो. स्तनाच्या कॅन्सरच्या शोधात गोंधळ करणारा तोच मार्कर इथे मदतीला येतो.

आणखी एक घोळ नेहमी होतो. रक्तातला सीईए किंवा सीए-१२५ आणि तुकड्यावरचा सीईए या वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तात सीईए वाढला नाही म्हणून तुकड्यावरचा रिपोर्ट खोटा ठरत नाही. मेसोथेलिन या प्रथिनासाठीही रक्ताची तपासणी आहे, पण तुकड्याच्या जागी ती चालत नाही. त्यावर पैसे घालण्याआधी डॉक्टरांना विचारा की तिचा निकाल काहीही आला तरी पुढचा निर्णय बदलणार आहे का.

७. ‘कॅन्सर आहे की नुसती सूज’, हा वेगळाच प्रश्न

हे मला समजायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी सर्वांत जास्त वेळही यावरच दिला. वर सांगितलेले कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ हे मार्कर फक्त एवढंच सांगतात की पेशी आवरणाच्या कुळातली आहे. ती कॅन्सरची आहे हे ते सांगत नाहीत. टीबीने, न्यूमोनियाने किंवा नुसत्या पाण्याने सुजलेल्या आवरणाच्या पेशीही कॅलरेटिनिन पॉझिटिव्हच असतात. म्हणून ‘कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह, मेसोथेलिओमा’ एवढ्याच आधारावर कुणी निदान सांगत असेल, तर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा.

तो प्रश्न दोन मार्करचा आहे: बीएपी-१ आणि एमटीएपी. निरोगी पेशीत ही दोन्ही प्रथिनं असतात. बीएपी-१ केंद्रकात, एमटीएपी द्रवात. मेसोथेलिओमात बऱ्याचदा यातलं एक किंवा दोन्ही नाहीसं होतं. म्हणजे इथे काळजीचं उत्तर ‘निगेटिव्ह’ असतं, रिपोर्टमध्ये ते ‘लॉस’ किंवा ‘लॉस्ट’ या शब्दाने लिहितात. रंग टिकून असेल तर ‘रिटेन्ड’.

यात तीन खबरदाऱ्या आहेत. एक, त्याच स्लाइडवर आजूबाजूच्या साध्या पेशींत रंग उठलेला असला पाहिजे. तिथेही रंग नसेल तर तपासणीच बिघडली आहे आणि त्या ‘लॉस’ला अर्थ नाही. चांगल्या रिपोर्टमध्ये याला अंतर्गत कंट्रोल म्हणून नोंद असते. दोन, रंग टिकून आहे म्हणून कॅन्सर नाही, असं होत नाही. बऱ्याच मेसोथेलिओमांत, विशेषतः सार्कोमॅटॉइड प्रकारात, बीएपी-१ शाबूत असतं. तीन, बीएपी-१ गेलंय म्हणजे मेसोथेलिओमाच, हेही बरोबर नाही, कारण डोळ्याच्या मेलानोमात आणि मूत्रपिंडाच्या काही कॅन्सरमध्येही ते जातं. आधी आवरणाचं कूळ पटलं पाहिजे, मग या मार्करचा उपयोग.

एमटीएपीचा निकाल धूसर असेल तर फिश नावाच्या तपासणीने पेशीतला सीडीकेएन२ए हा जनुक पूर्ण गेलाय का ते बघतात. ती सगळीकडे होत नाही, आणि तिलाही काप लागतातच.

या सगळ्यापेक्षा जुना आणि अजूनही तेवढाच पक्का पुरावा म्हणजे चरबीत शिरलेल्या पेशी. सायटोकेराटिनचा रंग दिला की त्या तपकिरी होऊन स्पष्ट दिसतात. पण सुजून जाड झालेल्या आवरणातल्या रिकाम्या गोल जागाही चरबीसारख्या दिसतात, आणि त्यावर अनुभवी डोळाही अडखळू शकतो. शंका असेल तर एस-१०० हा मार्कर लावून खरी चरबी ओळखतात.

८. दुसरं मत: कधी आणि काय घेऊन

हा रोग दुर्मीळ आहे. एखाद्या पॅथॉलॉजिस्टला वर्षाकाठी त्याचा एखादाच पेशंट दिसतो, किंवा तोही नाही. दुसरं मत मागणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. बरेचदा तेच सुचवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत बाहेरून आणलेले ब्लॉक आणि स्लाइड तपासून मत देतात. मार्कर परस्परविरोधी असतील, रिपोर्टमध्ये ‘शक्यता’, ‘अनुकूल’, ‘नाकारता येत नाही’ असे शब्द असतील, बीएपी-१ आणि एमटीएपी केलेलेच नसतील, किंवा सीटीवर गाठ फुफ्फुसाच्या आत आणि निदान मात्र आवरणाचं, अशी विसंगती असेल, तर दुसरं मत घ्याच.

बरोबर न्यायचं:

– मेणाचा मूळ ब्लॉक, सगळे असतील तितके
– एच अँड ई आणि आयएचसीच्या रंगवलेल्या स्लाइड
– बायोप्सीचा आणि आयएचसीचा मूळ रिपोर्ट, ब्लॉक नंबर स्पष्ट दिसेल असा
– पाण्याच्या सगळ्या तपासण्या, एडीए आणि टीबीच्या कल्चरसकट
– सीटी स्कॅनची सीडी. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही
– थोरॅकोस्कोपी किंवा ऑपरेशनच्या नोंदी
– पहिल्या पायरीत लिहिलेला कामाचा इतिहास
– आधी कुठलाही कॅन्सर झाला असेल तर त्याचे कागद
– डॉक्टरांची चिठ्ठी आणि पेशंटचं ओळखपत्र

ब्लॉक लॅबकडून मागताना लेखी अर्ज द्यावा लागतो आणि सही करून तो ताब्यात घ्यावा लागतो. घेताना ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथल्या तिथे जुळवा. स्लाइड प्लॅस्टिकच्या स्लाइड-डबीत न्या. कागदात गुंडाळल्या तर फुटतात. ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ते मेण आहे. एप्रिल-मे महिन्यात नागपूर किंवा जळगावहून निघणाऱ्यांनी तर ब्लॉक हातातल्या पिशवीतच ठेवावेत. काम झाल्यावर ब्लॉक परत मागा आणि कुणाकडे आहेत त्याची नोंद ठेवा.

९. पक्का रिपोर्ट हातात आल्यावर

प्रकार लिहिलाय का ते आधी बघा: एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड की बायफेजिक, म्हणजे दोन्ही मिश्र. प्रकारावर पुढचा अंदाज आणि उपचार दोन्ही अवलंबून आहेत. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही केमोथेरपीची जोडी २००४ पासून वापरात आहे. २०२० मध्ये अमेरिकेत निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या जोडीला मान्यता मिळाली, आणि तिचा केमोच्या तुलनेत जास्त फायदा एपिथेलिऑइड सोडून इतर प्रकारांत दिसला. प्रकार न लिहिलेला रिपोर्ट घेऊन ऑन्कॉलॉजिस्टकडे गेलात तर ते तुम्हाला पुन्हा लॅबकडेच पाठवतील.

रिपोर्टमध्ये ‘मॅलिग्नंट’ हा शब्द नसेल तर चुकीची आशा धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणापासून नावापुढचा तो शब्द काढला आहे. नुसतं ‘डिफ्यूज प्लुरल मेसोथेलिओमा’ लिहिलं तरी तो कॅन्सरच आहे.

पेशंटचं वय कमी असेल, एस्बेस्टॉसशी संबंध कुठेच सापडत नसेल, किंवा घराण्यात डोळ्याचा मेलानोमा, त्वचेचा मेलानोमा, मूत्रपिंडाचा कॅन्सर किंवा मेसोथेलिओमा झालेलं आणखी कुणी असेल, तर जनुकीय सल्ल्याबद्दल विचारा. काही कुटुंबांत बीएपी-१ मधला दोष जन्मतःच आलेला असतो. तुकड्यावरचा ‘बीएपी-१ लॉस’ म्हणजे तो वारशाने आलाय असं नव्हे. बहुतेकांत तो फक्त गाठीपुरता असतो. वारशाचं रक्ताच्या तपासणीतून कळतं.

आणि नुकसानभरपाई. आजाराच्या गडबडीत हे मागे पडतं, म्हणून ठासून सांगते. एस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत आहे. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी सुरू झाल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपायच्या. त्या नोंदी लेखी अर्ज करून मागा. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफ आणि कामगार विम्याचे कागद, जुनं गेट पास, जे सापडेल ते एका फाइलमध्ये लावा. कागद नसतील तर बरोबर काम केलेल्या दोघा-तिघांची लेखी साक्ष घेऊन ठेवा. ही माणसंही आता वयस्कर झालेली असतात. दावा कुठे आणि कसा करायचा यासाठी कामगार संघटनेच्या किंवा कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाला भेटा. पेशंट हयात नसला तरी त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना दावा करता येतो, आणि तिथे पहिला मागतात तो हाच आयएचसीचा रिपोर्ट. त्याच्या साक्षांकित प्रती काढा, ब्लॉक नंबर आणि लॅबचं नाव घरातल्या निदान दोघांकडे लिहून ठेवा, आणि ब्लॉक किती वर्षं जपणार हे लॅबला आत्ताच विचारून घ्या.